मागची टाकी

जुन्या अमेरिकन पिकअपला पेट्रोलच्या दोन टाक्या असतात, हे आयोवात राहायला येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. आपल्याकडे एकाच टाकीत पेट्रोल भरताना माणसाचा एक डोळा पंपाच्या आकड्यांवर असतो आणि दुसरा खिशावर. दोन टाक्या म्हटल्यावर डोळेच कमी पडायचे.

पण त्या गाड्यांचा हिशेब वेगळा होता. 1970 आणि 1980 च्या दशकांतला मोठ्या इंजिनाचा पिकअप गॅलनला दहा-बारा मैल जायचा, म्हणजे लिटरला जेमतेम पाच किलोमीटर. साठ-पासष्ट लिटरची टाकी तीनशे किलोमीटरमध्ये कोरडी. नेब्रास्का किंवा वायोमिंगसारख्या राज्यांत रस्ता सरळ, गावं विरळ आणि रात्री पंपाला टाळं. अशा मुलखात कोरड्या टाकीचा अर्थ एकच, रात्र गाडीत काढायची. म्हणून दुसरी टाकी. दोन्ही मिळून एकशेतीस लिटरच्या आसपास पेट्रोल पोटात घेऊन शेतकरी निर्धास्त निघायचा.

त्यात ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. तीन डॉलरच्या आसपास असलेलं पिंप काही महिन्यांत बाराच्या घरात गेलं. पंपांवर रांगा लागल्या, काही राज्यांत गाडीच्या नंबरवरून सम-विषम तारखा ठरल्या आणि जानेवारी 1974 मध्ये सबंध देशाला ताशी 55 मैलांची वेसण घालणारा कायदा झाला. रात्री दुसऱ्याच्या टाकीत नळी घालून पेट्रोल ओढणारे वाढले, तशी कुलपाची झाकणं खपू लागली. दुसरी टाकी त्याआधीही मिळायची, पण तिची किंमत लोकांना कळली ती त्या रांगांत उभं राहिल्यावर.

टाकी ठेवायची कुठे, हा प्रश्न मात्र सगळ्याच कंपन्यांना छळत आला. पूर्वी कित्येक पिकअपमध्ये ती केबिनमध्येच, सीटच्या पाठीमागे असायची. वळण घेतलं की मागे डचमळलेलं ऐकू यायचं, आणि चालवणारा सिगारेट ओढत असला तर त्याच्या धैर्याचं कौतुक वाटायचं. पुढे ती केबिनबाहेर पडली. जनरल मोटर्सने 1973 ते 1987 च्या पिकअपमध्ये टाक्या चासीच्या बाहेरच्या अंगाला लावल्या आणि त्यावरून पुष्कळ कोर्टकचेऱ्या झाल्या. 1992 च्या नोव्हेंबरात एनबीसी वाहिनीने या गाड्या धडकेत कशा पेट घेतात ते पडद्यावर दाखवलं. नंतर उघड झालं की आग हमखास लागावी म्हणून गाडीखाली ठिणगीची सोय आधीच केलेली होती. फेब्रुवारी 1993 मध्ये वाहिनीने जाहीर माफी मागितली. टाक्यांच्या जागेबद्दलचा वाद मात्र खरा होता, तो चालूच राहिला.

असा एक पिकअप आमच्या शेजाऱ्यांकडे आहे. गृहस्थ मक्याची शेती करून आता निवृत्त झालेत, आणि गाडी त्यांच्या वडिलांनी 1980 च्या दशकात नवी घेतलेली. एक टाकी मधोमध, ड्रायव्हरच्या बाजूला चासीला लागून, ती पुढची. दुसरी मागच्या अ‍ॅक्सलच्या पलीकडे, हौद्याच्या खाली, ती मागची. डॅशबोर्डवर एक बटण आणि एकच काटा. बटण ज्या टाकीकडे, काटा त्या टाकीचा. पुढच्या टाकीवर गाडी झकास चालायची. मागच्या टाकीवर घेतली की काटा उड्या मारत पाऊणवर जायचा, गाडी मैलभर जायची, मग दोन आचके देऊन बंद पडायची. पुन्हा पुढची टाकी लावली, थोडा वेळ स्टार्टर मारला, की जणू काही झालंच नाही.

एका शनिवारी त्यांनी बॉनेट उघडलं आणि पाहता पाहता सगळी गल्ली जमा झाली. बॉनेट उघडं दिसलं की पुरुष गोळा होतात, या बाबतीत सांगली आणि आयोवा यांत काडीचा फरक नाही. एकाने सांगितलं, पंप गेला. दुसरा म्हणाला, कार्बोरेटर. तिसऱ्याचं ठाम मत, वायरिंग. थोडी विचारपूस केल्यावर कळलं की पहिल्याने नुकताच पंप बदलला होता, दुसऱ्याच्या लॉन मोवरचा कार्बोरेटर दुरुस्तीला गेला होता आणि तिसऱ्याच्या घरात लाइटचा घोळ चालू होता. आपल्याला नुकतं जे दुखणं झालेलं असतं तेच माणूस दुसऱ्याच्या गाडीत शोधतो. डॉक्टरांचंही असंच होतं का, ते मी विचारत नाही.

माझ्याकडे बॅटरी धरायचं काम होतं. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. उजेड नेहमी हवा त्याच्या चार बोटं डावीकडे पडतो, आणि तो तिथे पडला हे आपल्याला दुसऱ्याच्या उसाशावरून कळतं.

त्या रात्री सांगलीच्या मामांना फोन लावला. मामांनी उमेदीची वर्षं डिझेल मॅटाडोर चालवली, आणि गाडीच्या बाबतीत त्यांच्याकडे एकच तत्त्वज्ञान आहे. सगळी हकीकत त्यांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "ते पंप-बिंप राहू दे रे. आधी तेल कुठवर येतंय ते बघा की."

मामांच्या या एका वाक्यात सगळं शास्त्र आलं. पेट्रोल टाकीतून निघतं ते असं: टाकीच्या तळाशी नळीच्या टोकाला जाळीचा एक मोजा असतो, तो कचरा अडवतो. तिथून चासीच्या कडेने लोखंडी पाइप, मधेमधे रबरी नळ्या. मग एक वाटप करणारा व्हॉल्व्ह, जिथे दोन्ही टाक्यांचे पाइप येतात आणि एकच पुढे जातो. मग इंजिनावरचा पंप, फिल्टर आणि शेवटी कार्बोरेटर. या वाटेवर पेट्रोल कुठेतरी थांबतंय. ते कुठे थांबतंय हे कळायच्या आधी सुटा भाग विकत आणायला निघणं म्हणजे नुसती खरेदी, तिला दुरुस्ती कोण म्हणेल?

आणि इथे दोन टाक्यांचा एक गुण लक्षात येतो, जो एका टाकीच्या गाडीत नाही. ही गाडी अर्धं निदान स्वतःच करून देते. पुढच्या टाकीवर ती नीट चालते ना? मग पंप, फिल्टर, कार्बोरेटर सगळे निर्दोष सुटले, कारण पेट्रोल कुठल्याही टाकीतलं असलं तरी जातं त्यांच्यातूनच. दोन्ही टाक्यांवर बंद पडली असती तर त्यांच्यावर संशय घ्यायला जागा होती. आता संशयित उरले तेवढेच, जे एकट्या मागच्या टाकीचे आहेत: तिचा मोजा, तिच्या नळ्या, तिचं झाकण आणि व्हॉल्व्हची तिची बाजू. नवा पंप आणायला निघालेल्या शेजाऱ्याला हे समजावून सांगितलं तेव्हा तो जरा हिरमुसला. त्याच्याकडे सवलतीचं कूपन होतं.

झाकणापासून सुरुवात केली, कारण त्याला पाना लागत नाही. टाकीतून पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते. झाकणातली हवेची वाट बुजली तर टाकीत पोकळी तयार होते आणि पंप कितीही ओढो, पेट्रोल येत नाही. गाडी बंद पडल्याबरोबर झाकण फिरवलं आणि सूं करून हवा आत गेली, तर चोर सापडला. इथे सूं झालं नाही.

मग नळ्या. इथे एक गंमत आहे, ती जुन्या मेस्त्रींना ठाऊक असते. इंजिनावरचा पंप पेट्रोल ढकलत नाही, टाकीतून ओढतो. त्यामुळे पंपाच्या मागच्या बाजूला नळीला चीर गेली तर पेट्रोल गळेलच असं नाही, उलट नळी बाहेरची हवा ओढते. खाली थेंब नाही, वास नाही, आणि गाडी मात्र उपाशी. आपले फिटर म्हणतात तसं, लाइनने हवा धरली. म्हणून गळत नाही म्हणजे नळी चांगली, हा समज मनातून काढून टाकावा. आम्ही नळ्या वाकवून पाहिल्या. म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण चीर कुठे नव्हती.

उरला व्हॉल्व्ह. हा प्राणी चासीच्या आतल्या अंगाला बसतो. त्याला सहा तोंडं. दोन टाक्यांकडून येणारी दोन, इंजिनाकडे जाणारं एक. आणि इंजिनाकडून परत येणाऱ्या जादा पेट्रोलसाठी तसाच उलटा संच. बटण दाबलं की आतली छोटी मोटर दोन्ही संच एकदम फिरवते आणि चासीखाली टक् असा आवाज होतो. निदान व्हायला हवा. हा व्हॉल्व्ह बिघडला की मालकाच्या अकलेची परीक्षा असते. बटणाने काटा बदलतो, पण व्हॉल्व्ह फिरतच नाही. काटा सांगतो टाकी भरलेली आहे, इंजिन रिकाम्या टाकीतून ओढत असतं, आणि भरल्या काट्याखाली गाडी रस्त्यात उभी. त्याहून मोठा विनोद म्हणजे अर्धाच फिरलेला व्हॉल्व्ह. तो पेट्रोल घेतो एका टाकीतून आणि उरलेलं परत पाठवतो दुसरीत. तुम्ही मागची टाकी जाळत चाललेले असता आणि पुढचीच्या झाकणातून पेट्रोल बाहेर ओघळत असतं. गाडी चालवता चालवता टाकी भरते, हा चमत्कार जगात एवढ्या एकाच ठिकाणी होतो, आणि तोही धोक्याचा.

टक् आवाज आला. तरी खात्री करायची होती. शेजाऱ्यांनी इंजिन थंड होऊ दिलं, आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवला आणि व्हॉल्व्हवर येणाऱ्या दोन नळ्यांची अदलाबदल केली. मागच्या टाकीची नळी पुढच्या तोंडाला, पुढचीची मागच्या. आता बटण पुढे असताना गाडी बंद पडली तर दोष नळीबरोबर सरकला, म्हणजे तो टाकीकडचा. पूर्वीसारखी बटण मागे असतानाच पडली तर दोष व्हॉल्व्हचा. नवा भाग नाही, पैसा नाही, आणि उत्तर हो किंवा नाही असं स्वच्छ. गाडी बंद पडली, बटण पुढे असताना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गाडी बंद पडली म्हणून माणसं आनंदाने टाळ्या वाजवताना मी तेव्हाच पाहिली.

इंजेक्शनच्या गाड्यांची तऱ्हा जरा वेगळी. कार्बोरेटरला पाच-सात पौंड दाब पुरतो, इंजेक्शनला पस्तीस-चाळीसच्या पुढे लागतो, म्हणून पंप विजेवर आणि बहुतेक वेळा टाकीच्याच आत. तिथे बटण मागे केल्यावर टाकीतून बारीक गुणगुण ऐकू येते का, हे आधी पाहतात. येत नसेल तर फ्यूज, रिले, आणि गंजलेलं अर्थिंग. शिवाय बऱ्याच गाड्यांत केबिनमध्ये एक आणखी बटण असतं. अपघाताच्या धक्क्याने ते वर उडतं आणि पंपाची वीज तोडतं, म्हणजे आग भडकू नये. खड्ड्याच्या दणक्यानेही ते कधी कधी उडतं. हे माहीत नसल्यामुळे किती चांगले पंप भंगारात गेले असतील, देव जाणे. बोटाने दाबलं की काम होतं.

आमच्या गाडीत दोष टाकीत, हे आता ठरलं. पण एक कोडं होतं. बंद पडलेली गाडी दहा मिनिटं तशीच ठेवली की मागच्या टाकीवरही पुन्हा मैलभर चालायची. मामांनी फोनवर एका दमात उलगडा केला: "कचरा आहे. ओढ लागली की जाळीला चिकटतो, ओढ थांबली की खाली बसतो. टाकी उतरवा."

टाकी उतरवणं हा शब्द कागदावर सोपा आहे. पट्ट्यांचे बोल्ट चाळीस वर्षांच्या गंजाने चासीशी एकजीव झालेले असतात. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, ते सगळं तिथेच जाऊन बसतं. म्हणून जाणकार उलटं करतात. टाकी खाली घेत नाहीत, हौदा वर उचलतात. सहा-आठ बोल्ट, मागच्या दिव्यांची वायर, पेट्रोल भरायच्या नळीचे स्क्रू, आणि मग बॉनेटपाशी सल्ले देत उभी असलेली सगळी मंडळी कामाला लागतात. हौदा उचलून गवतावर ठेवला तेव्हा मागची टाकी उन्हात आली, आणि पहिल्यांदाच तिची सगळ्यांना जराशी दया आली.

तिच्या माथ्यावर काट्याला माप कळवणारा भाग आणि नळी धरून ठेवणारी एक कडी असते. ती ठोकून फिरवायची, पण लोखंडावर लोखंड मारलं तर ठिणगी पडते. म्हणून शेजाऱ्यांनी पितळेची पट्टी घेतली आणि हलक्या हाताने टक टक करत कडी सरकवली. झाकण निघालं तसा वास आला. तो पेट्रोलचा नव्हता. जुन्या फर्निचरच्या दुकानात व्हार्निशचा येतो तसा, आंबूस. नळी बाहेर काढली. टोकाचा मोजा मूळचा पांढरा असावा. आता चहाच्या गाळणीसारखा तपकिरी झाला होता आणि त्यावर गंजाचे पापुद्रे चिकटले होते. बोटाने दाबल्यावर त्याचा भुगा झाला. टाकीच्या तळाशी पाण्याचा थर आणि त्यात लालसर चिखल.

हे झालं कसं, ते शेजाऱ्यांनीच सांगितलं. वडील होते तोवर दोन्ही टाक्या वापरात होत्या. नंतर गाडी बाजारहाटापुरती उरली आणि पुढची टाकी त्याला पुरायची. मागची भरून ठेवलेली होती, अडीअडचणीला. ती अडचण कधी आलीच नाही. पेट्रोल तिथेच पडून राहिलं, त्याचा चिकटा झाला, टाकी वरून रिकामी होती तिथे दमट हवेचं पाणी झालं, पाण्याने पत्रा खाल्ला. त्यात इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल. अमेरिकेत सर्वांत जास्त इथेनॉल तयार होतं ते आमच्याच आयोवात, मक्यापासून. म्हणजे शेजाऱ्यांच्या शेतातलाच मका फिरून त्यांच्या टाकीत आलेला असणार. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुना चिकटा सोडवतं आणि त्या काळचं रबर खराब करतं. 2025 मध्ये भारतात पेट्रोलमधलं इथेनॉल वीस टक्क्यांवर गेलं तेव्हा जुन्या गाड्यांचे मालक काळजीत पडले होते, आणि उसाचे मालक खुशीत. मामा दोन्ही असल्यामुळे त्यांना मत देता आलं नाही.

मला त्या वेळी आपली स्कूटर आठवली. तिला टाकी एकच, पण कॉकला रिझर्व्हची खूण. आतल्या दोन तोंडांपैकी एक उंचावर, एक तळाशी. उंचावरचं कोरडं पडलं की गाडी आचका द्यायची, आणि चालवणारा न थांबता सीटखाली हात घालून कॉक फिरवायचा. ते रिझर्व्ह नासत नसे, कारण ते वेगळं साठवलेलं नव्हतंच. वरचं आणि खालचं पेट्रोल एकच, रोज ढवळलं जाणारं, दर भरणीला नवं होणारं. दोन टाक्यांच्या गाडीत माणसाने राखीव साठ्याला वेगळी खोली बांधून दिली, आणि वेगळ्या खोलीत ठेवलेल्या गोष्टीचं जे होतं तेच झालं.

ठेवणीतली पैठणी वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली तर घडीवरच चिरते, म्हणून जाणत्या बायका ती अधूनमधून नेसतात, निदान घडी तरी मोडून पुन्हा घालतात. साठवण्याची अक्कल आपल्या सगळ्यांत असते. साठवलेलं जितं ठेवायला वापरावं लागतं, हे मात्र आपण विसरतो. वापरलं तर संपेल, या भीतीने आपण ज्याला हात लावत नाही, ते न वापरताच संपत असतं. फक्त काटा पाऊणवरच असतो, त्यामुळे कळत नाही. काटा किती आहे ते सांगतो, कसं आहे ते सांगणं त्याच्या आवाक्यात नाही.

शेजाऱ्यांनी टाकी धुऊन घेतली, नवा मोजा आणि नव्या नळ्या घातल्या, हौदा परत बसवला. खर्च फार झाला नाही. आणायच्या यादीत शेवटपर्यंत पंप नव्हता. आता ते पेट्रोल भरताना पुढची आणि मागची टाकी आलटून पालटून भरतात, आणि त्याच क्रमाने जाळतात. नव्या पिकअपमध्ये ही भानगडच नाही. 1990 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत दोन टाक्या जवळजवळ गेल्याच आणि एकच मोठी टाकी आली. एक व्हॉल्व्ह कमी, एक झाकण कमी, आणि गल्लीतल्या माणसांना एकत्र यायचं एक कारणही कमी.

हे सगळं सांगून झाल्यावर आमची ही म्हणाली, "अरे, त्यांची टाकी साफ झाली, छान झालं. तू मात्र निवृत्तीनंतर वाचायची म्हणून ती पुस्तकं खोक्यात भरून ठेवलीयस, त्यांचं काय?" बॅटरी धरणाऱ्याला असे प्रश्न विचारू नयेत. पण प्रश्न रास्त होता.

तेव्हा वाचकहो, तुमच्याकडेही अडीअडचणीला म्हणून काही भरून ठेवलेलं असेलच. एखादी कला, एखादी भाषा, दूरचा एखादा मित्र, ज्याला गरज पडली तर फोन करू असं तुम्ही म्हणत आला आहात. गरज पडायची वाट पाहू नका. याच आठवड्यात त्यावर थोडं चालून बघा. बंद पडायचं असेल तर घराजवळ पडेल, आणि ढकलायला चार माणसं तरी मिळतील.